सासूबाईंसाठी अठरा अंश

मी गेली बावीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे ते सांगायची मला लाज वाटेल.

झालं असं, की मे महिन्यात, म्हणजे आमच्याकडे हिवाळा लागताना, न्यूमोनियातून उठलेल्या माझ्या सासूबाईंना आम्ही चिलोए बेटावरून आमच्या घरी आणलं. नाव क्लोरिंदा, वय एक्याऐंशी. बेटावर त्या एकट्या राहतात. शेजारचं घर टेकडीपलीकडे आहे आणि त्या शेजाऱ्याला ऐकू येत नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, की हिवाळाभर यांना एकटं ठेवायचं नाही आणि झोपायची खोली अठरा अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही, छाती पुन्हा भरली तर या वेळेसारखं निभावणार नाही. पहिली गोष्ट आमच्या हातात होती. दुसरी आमच्या घराच्या हातात होती, आणि आमचं घर कुणाचं ऐकत नाही.

आमच्या दक्षिण चिलेत घर म्हणजे स्वयंपाकघर. बाकीच्या खोल्या म्हणजे पाहुण्यांना दाखवायच्या जागा. स्वयंपाकघरातली लोखंडी चूल मार्चमध्ये पेटते ती नोव्हेंबरात विझते. किटली, वाळत घातलेले कपडे, मुलींचा अभ्यास, नवराबायकोची भांडणं, सगळं तिच्याभोवती चालतं. झोपायची वेळ झाली की गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरायची आणि बोळातून पळत जाऊन पांघरुणात शिरायचं. सासूबाईंना आम्ही बोळाच्या टोकाची खोली दिली होती, कारण तिच्या खिडकीतून बाग दिसते. शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून मी तिथे टांगला. चुलीपाशी सव्वीस अंश, सासूबाईंच्या उशाशी नऊ.

"सव्वीस आणि नऊ, पस्तीस," मी मारित्साला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणालो. "दोन खोल्यांत वाटले तर साडेसतरा. ऊब घरात आहेच. वाटप तेवढं चुकलंय."

"मग वाट," मारित्सा म्हणाली. तिच्या आवाजात फारशी आशा नव्हती.

सासूबाईंनी पहिला आठवडा तक्रार केली नाही. त्या दिवसभर चुलीपाशी बसून विणायच्या आणि आमच्यातलं कोण काय चुकीचं करतंय ते सांगायच्या. आठव्या दिवशी सकाळी मात्र तीन स्वेटर आणि वर माझा कोट घालून त्या स्वयंपाकघरात आल्या.

"जावईबुवा, रात्री पेल्यात दात काढून ठेवले होते. सकाळी पेल्यातल्या पाण्याचा बर्फ."

"नऊ अंशांना पाणी गोठत नाही, सासूबाई."

"ते तुम्ही दातांना सांगा." मग त्या खुर्चीत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सान हुआनपर्यंत बघते. त्या रात्री बटाटे ठेवीन. ते जा म्हणाले, तर पहिल्या बसने मी माझ्या घरी."

मारित्साच्या हातातली किटली तशीच राहिली.

सान हुआनच्या रात्री, म्हणजे तेवीस जूनला, आमच्याकडे पलंगाखाली तीन बटाटे ठेवतात. एक सालासकट, एक अर्धा सोललेला, एक पूर्ण सोललेला. सकाळी न बघता हात घालून एक काढायचा. सालाचा आला तर वर्ष भरलेलं, अर्धा आला तर जेमतेम, सोललेला आला तर उघडं. बाकीचे लोक हे हसतखेळत करतात. सासूबाई हसत नाहीत. त्यांनी बटाट्यांना विचारून गाय विकली होती, आणि मारित्साचं माझ्याशी ठरलं तेव्हाही बटाटे काढले होते. तेव्हा कोणता आला होता, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

माझ्या हातात जेमतेम तीन आठवडे होते. मी दुकानात जाऊन एक टेबलफॅन घेतला. भर हिवाळ्यात, धो धो पावसात पंखा विकत घेणारा मी बहुधा पहिलाच, कारण दुकानदाराने दोनदा विचारलं, की तुम्हाला हीटर तर नको ना. घराशी पोचलो तर कुंपणापाशी मान्सिया उभा. मान्सिया आमचा शेजारी, दोन घरांत भिंत एकच. तो लोण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाला आहे आणि तेव्हापासून त्याच्याकडे सल्ले साठत चालले आहेत.

"मास्तर, तब्येत बरी आहे ना?" पंख्याकडे बघत त्याने विचारलं.

मी त्याला योजना सांगितली. तो गंभीर झाला. "गरम हवा वर जाते, मास्तर. पंखा उंचावर पाहिजे."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण जे आपण वर्गात सांगतो ते शेजाऱ्याने सांगितलं की नव्याने पटतं. आम्ही दोघांनी पंखा स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर तारेने बांधला, पाठ चुलीकडे, तोंड बोळाकडे. अर्धा तास तो इमानेइतबारे फिरला. मग तार सैल झाली, पंखा गर्रकन वळला आणि चुलीवरच्या दोरीवर वाळणारे सगळे कपडे त्याने उडवून लावले. माझ्या थोरल्या मुलीचा, यास्नाचा, शाळेचा मोजा रश्शाच्या पातेल्यात पडला. सासूबाईंनी तो डावाने बाहेर काढला, पिळला, डाव तोंडाला लावून चव घेतली आणि म्हणाल्या, "मीठ बरोबर आहे." त्या क्षणी पंख्याचं तोंड योग्य दिशेला होतं, हे मला फार पुढे कळलं. त्या वेळी मी फक्त थर्मामीटर बघून आलो. साडेनऊ.

"अर्धा अंश चढलाय," मी जाहीर केलं.

"तो मी दोनदा दार उघडून बघायला गेले त्याचा आहे," मारित्सा म्हणाली.

मान्सियाचं पुढचं निदान असं, की हवा अडते आहे. दुसऱ्या दिवशी तो करवत घेऊन आला आणि त्याने स्वयंपाकघराच्या आणि सासूबाईंच्या दारांवरच्या फळ्यांत दोन चौकोनी भोकं पाडली. भोकं सुबक होती, त्याला नाव ठेवायला जागा नाही. ऊब त्यांतून गेली नाही. बोलणं मात्र गेलं. संध्याकाळी चहा घेताना मारित्सा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई परत गेली ना, तर मला हिवाळाभर झोप लागायची नाही."

"मग दुपारची काढत जा," बोळाच्या टोकाकडून आवाज आला.

उलटही तसंच. सासूबाई माळ ओढताना देवाशी काय बोलतात ते आम्हाला रोज ऐकू येऊ लागलं. त्यात मेलेल्या माणसांची यादी असे, मग जिवंतांची, आणि शेवटी एक विनंती असे, की माझ्या जावयाला पंखा सोडून दुसरा कसला तरी नाद लाव. धाकटी कोनी ही प्रार्थना शाळेत जाताना चालीवर म्हणायची. घरातल्या कर्त्या पुरुषाने हे किती दिवस सहन करावं याला मर्यादा असते.

म्हणून मी तिसऱ्या सल्ल्याला हो म्हणालो. कारखान्यातून मोडीत निघालेला एक एक्झॉस्ट फॅन मान्सियाच्या परसात पडून होता, त्याचं पातं माझ्या हाताएवढं लांब. तो आम्ही स्वयंपाकघराच्या दारावरच्या भोकात बसवला. भोक त्यासाठी मोठं करावं लागलं. जोर यावा म्हणून मान्सियाने दार बंद करायला लावलं. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीच्या फटी मी आधीच वर्तमानपत्राने बुजवल्या होत्या, त्याही माझ्याच शहाणपणाने. बटण दाबल्यावर पंखा हवा ओढू लागला. खोलीत दुसरीकडून हवा यायला वाट नव्हती. ती एकाच वाटेने आली, धुराड्यातून, आणि येताना सगळा धूर बरोबर घेऊन आली.

सासूबाई चुलीपाशीच बसल्या होत्या. त्या खोकायला लागल्या आणि थांबेचनात. तोवर मला गंमतच वाटत होती म्हणा, पण तो खोकला ऐकल्यावर ती संपली. मी त्यांना घोंगडीत गुंडाळून उचललं आणि मान्सियाच्या घरात नेऊन ठेवलं. त्या वजनाला इतक्या हलक्या लागल्या की मला भीती वाटली. पुढचे दोन दिवस मान्सियाने त्यांना आपल्या चुलीपाशी झोपवलं, स्वतः रस्सा करून भरवला, आणि त्या दोन दिवसांत मला एकही सल्ला दिला नाही. मी त्याचा हा उपकार विसरणार नाही. मारित्साने नुसती खिडक्यांतली वर्तमानपत्रं ओढून काढली आणि चुलीत घातली.

नेमकं त्याच दिवशी हवा खराब असल्याचा इशारा होता. अशा दिवशी धुराड्यातून धूर दिसला तर दंड होतो. मी सासूबाईंना पोचवून परत येतो तो प्रदूषण कचेरीची एक तरुण तपासनीस बाई छत्री आणि फॉर्म घेऊन फाटकाशी उभी. तिने आमच्या धुराड्याकडे बघितलं. त्यातून काही येत नव्हतं. मग तिने दोन खिडक्या, एक दार आणि छपराच्या फटी बघितल्या. त्यांतून सगळं येत होतं.

"सर, हा धूर कशाचा?"

"चुलीचा."

"पण धुराड्यातून नाहीये."

"नाहीये."

ती बराच वेळ फॉर्म वाचत राहिली. "माझ्याकडे फक्त धुराड्याचा रकाना आहे," ती शेवटी म्हणाली. "खिडकीतून आला तर कुठे लिहायचं ते विचारून सांगते. तुम्ही परवा कचेरीत या."

परवा मी कचेरीत गेलो. पहिल्या खिडकीवर सांगितलं, की घरातला धूर आमच्याकडे येत नाही, अग्निशमनकडे जा. अग्निशमनवाले म्हणाले, आग लागली होती का. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग लागल्यावर या. परत पहिल्या खिडकीवर आलो तर जेवणाची सुट्टी. आठ दिवसांनी टपालाने कागद आला. इशाऱ्याच्या दिवशी ज्या घरांच्या धुराड्यातून अजिबात धूर आढळला नाही अशा मोजक्या घरांत आमचं घर होतं, आणि फाटकावर लावायला एक हिरवी पाटी सोबत होती. मारित्साने ती लावली. मला वाटतं, मला शिक्षा म्हणून लावली.

तोवर सान हुआनला पाच दिवस उरले होते. सासूबाई परत आल्या होत्या, खोली नऊवर होती, एक्झॉस्ट फॅन मान्सियाच्या परसात परत गेला होता, आणि मी हार मानून टेबलफॅन खोक्यात घालत होतो. त्या सकाळी लाकडं टाकायला वेंचुमान आला. वेंचुमान आम्हाला कोरडं लाकूड देतो आणि त्या लाकडाइतकंच कोरडं बोलतो. लाकडं रचून झाल्यावर तो हात शेकायला आत आला. त्याने दारावरचं मोठं भोक बघितलं, बोळातलं छोटं भोक बघितलं, माझ्या हातातला पंखा बघितला.

"उलटं केलंत, मास्तर."

"काय उलटं?"

"गरम हवेला ढकलायचं नसतं. गार हवेला ढकलायचं. ती जड असते, जमिनीवर बसून असते. पंखा म्हातारीच्या दाराशी खाली ठेवा, तोंड चुलीकडे. गार हवा इकडे आली की गरम आपोआप वरून तिकडे जाते. जागा रिकामी झालेली असते ना."

पुस्तकातला सातवा धडा. दरवर्षी मी फळ्यावर निळ्या खडूने खालचा बाण काढतो, लाल खडूने वरचा बाण काढतो, आणि मुलांना म्हणतो, की हे एकदा समजलं की आयुष्यात विसरणार नाही.

"हे तुला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"तुम्हीच," वेंचुमान म्हणाला. "शहाण्णव... नाही, तुम्ही नवीन आलात ते वर्ष. मी मागच्या बाकावर होतो. पुढच्या वर्षी शाळा सोडली."

त्याला दोन्ही हातांनी धरून माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पाजल्याशिवाय मी सोडलं नाही. बावीस वर्षांत माझा एक तरी धडा कुठे पोचला हे कळायला तो दिवस यावा लागला, आणि तो त्याला पोचला होता, मला स्वतःलाच पोचला नव्हता. पंखा आम्ही जमिनीवर ठेवला. चुलीकडे तोंड करून फिरणारा पंखा बघून कोनी म्हणाली, "बाबा, चुलीला उकडतंय का?" दोन तासांत थर्मामीटर चौदावर गेला. संध्याकाळी अठरा. मान्सियाची भोकं आता खरी कामाला आली, वरची ऊब त्यांतूनच जात होती. मान्सियाने ते चारचौघांत सांगायला सुरुवात केली आणि मी त्याला अडवलं नाही.

घर सगळीकडे ऊबदार झालं. यास्ना आपल्या खोलीत अभ्यासाला बसली. कोनी आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. मारित्साने शिवणाचं मशीन निजायच्या खोलीत नेलं. मी पाहुण्यांच्या खोलीत टेबल मांडून उत्तरपत्रिका तपासू लागलो, शहरातल्या प्राध्यापकासारखा. फक्त एक घोटाळा होता. रोज दुपारी चारच्या सुमाराला पंखा बंद पडायचा.

मी प्लग बदलला. वायर बदलली. मान्सियाने पंखा उघडून, पुसून, तेल घालून पुन्हा बंद केला, आणि एक स्क्रू उरला तो खिशात टाकला. तरी चार वाजले की पंखा बंद. तिसऱ्या दिवशी मी चारला दहा कमी असताना बोळातल्या कपाटामागे जाऊन उभा राहिलो. विणकामाची सुई हातात घेऊन सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या, काठीवर भार देऊन वाकल्या आणि त्यांनी सुईने प्लग ओढून बाहेर काढला. मग पाठ सरळ करून म्हणाल्या, "कपाटामागून बाहेर या, जावईबुवा. पोट दिसतंय."

मी बाहेर आलो. रागावायचा माझा हक्क होता. "सासूबाई, तुमच्यासाठीच एवढं केलं ना?"

"केलंत. खोली छान झालीय. झोपायला जाते तेव्हा तुम्हाला दुवा देते, खोटं कशाला बोलू." त्या बोळातच भिंतीला टेकल्या. "पण एलिसेओ, दिवसभर मी कुणाबरोबर बसू? आल्यावर गार होतं, पण सगळे माझ्याभोवती होतात. पोरींची भांडणं ऐकायला मिळायची. आता घरभर उन्हाळा आणि चुलीपाशी मी एकटी. एकटीच बसायचं तर माझं घर काय वाईट होतं?"

मला जावईबुवा म्हणणाऱ्या बाई पहिल्यांदाच माझं नाव घेऊन बोलत होत्या. मी प्लग तसाच राहू दिला. पाचच मिनिटांत यास्ना हात चोळत स्वयंपाकघरात आली, मग कोनी, मग मशीन उचलून मारित्सा. मी उत्तरपत्रिका घेऊन माझ्या जुन्या कोपऱ्यात बसलो आणि सासूबाईंनी यास्नाला बस म्हणायच्या आधी पाय पूस म्हटलं. तेव्हापासून नियम असा, की पंखा जेवणं झाल्यावर लावायचा, झोपेपर्यंत खोली अठरावर येते. लावायचा आणि काढायचा अधिकार सासूबाईंचा.

तरी बटाटे बाकी होते. बाई शब्दाच्या पक्क्या. सान हुआनच्या संध्याकाळी त्यांनी ॲप्रनमध्ये बटाटे नेले, दार लोटलं आणि परत आल्या. तीनात एक हा धोका मला गणिती दृष्ट्या परवडणारा नव्हता. आणखी दोन सालाचे मिसळले की पाचात एक होतो. पंखा तपासायच्या निमित्ताने मी गेलो आणि दाराशी उभा राहूनच दोन बटाटे पलंगाखाली घरंगळवले. वाकून बघायचं धाडस झालं नाही. त्या संध्याकाळी पंखा तपासायला मान्सियाही येऊन गेला. मुलींनाही आजीच्या खोलीत बरीच कामं निघाली.

सकाळी आम्ही सगळे पलंगाभोवती उभे राहिलो. मान्सियाही चहाला आला होता. सासूबाईंनी डोळे मिटले, हात खाली घातला, चाचपडल्या, जरा थबकल्या. मारित्साने माझं मनगट धरलं होतं, तिची बोटं गार होती. हात वर आला. सालाचा बटाटा, माती लागलेला.

मारित्सा पलंगावर बसून रडायलाच लागली. कोनी बाकीचे काढायला पलंगाखाली शिरली. एक निघाला, सालाचा. दुसरा, सालाचा. तिसरा, चौथा. ती काढत गेली. एकूण अकरा निघाले, त्यांतले दोन जांभळे, आणि जांभळे बटाटे आमच्या गल्लीत एकट्या मान्सियाच्या वाफ्यात होतात. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. मान्सिया तर खिडकीतून बाग बघत होता.

"सोललेला कुठे गेला?" शेवटी मीच विचारलं.

"मी ठेवलाच नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "तिन्ही सालाचेच ठेवले होते. मला काय माहीत, या घरात सगळेच लबाड आहेत."

त्या काठी घेऊन उठल्या. अकरा बटाट्यांत भरपूर मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या जाड भाकऱ्या, होतील, म्हणून मुलींना किसायला बसव, असं मारित्साला सांगून त्या बोळातून निघाल्या. मी त्यांचा हात धरून चालत होतो. इतका वेळ मनात होतं ते विचारूनच टाकलं.

"सासूबाई, आमचं लग्न ठरलं तेव्हा कोणता आला होता?"

"सोललेला."

"मग?"

"मग काय रे, एलिसेओ. उकडला, मीठ लावून खाल्ला, आणि मुलगी तुला दिली." त्यांनी माझ्या हातावर जरा जास्त भार टाकला. "चल, चुलीत लाकूड घाल."

मी लाकूड घातलं. थर्मामीटर परवा शाळेत परत नेऊन दिला.